आयुर्वेदिक आहार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दवाखान्यात, फोनवर आणि लग्नाच्या पंगतीतसुद्धा लोक पुन्हा पुन्हा विचारतात ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एक उत्तर दुसऱ्यात गुंतलेलं असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. कोणतंही औषध रोज चालू असेल, घरात गर्भवती असेल किंवा तान्हं बाळ असेल, तर १४ ते १६ क्रमांक आधी वाचा.

१. आयुर्वेदिक आहार म्हणजे नेमकं काय खायचं? एखादी यादी मिळेल का?

यादी आहे, पण लोकांना वाटते त्याहून फार छोटी. आयुर्वेदाचा जुना मूळ ग्रंथ असलेल्या चरकसंहितेच्या सूत्रस्थान या भागात रोज खाण्याजोग्या गोष्टी दिल्या आहेत: साठ दिवसांत तयार होणारी साठी साळ, मूग, सैंधव, आवळा, जव, पावसाचं पाणी, दूध, तूप, रानातल्या प्राण्यांचं मांस आणि मध. रोज खाऊ नयेत अशांमध्ये दही, उडीद, मासे, सुकवलेलं मांस आणि सुकवलेल्या भाज्या येतात. बाकी सगळं माणूस आणि प्रसंग बघून.

खरा भर यादीवर नाहीच. त्याच ग्रंथाच्या विमानस्थानात जेवणाच्या आठ बाजू सांगितल्या आहेत: पदार्थाचा मूळ गुण, त्यावर केलेला संस्कार, तो कशाबरोबर खाल्ला, किती खाल्ला, कुठल्या प्रदेशात, कोणत्या वेळी, कोणत्या रीतीने आणि खाणारा कोण. तांदूळ तोच, पण नवा जड आणि जुना हलका. तांदूळ भाजून घेतला किंवा भाताची पेज काढून टाकली की तो आणखी हलका होतो. आमच्याकडे येणारे बहुतेक प्रश्न आठांपैकी पहिल्या बाजूचेच असतात: "हे चालतं का, ते चालतं का?" त्रास मात्र बहुतेकांचा उरलेल्या सातांमध्ये असतो.

२. उद्यापासून सुरू करायचं तर पहिला बदल कोणता?

काहीही विकत आणू नका. आधीचं जेवण पचल्याशिवाय पुढचं जेवू नका, एवढंच करा. पचल्याच्या खुणा सोप्या आहेत: ढेकर साफ येते, तिला जेवणाचा वास नसतो, अंग हलकं वाटतं, शौच-लघवी वेळेवर होते आणि खरी भूक लागते. एका जेवणानंतर तीन तासांच्या आत काही खाऊ नये आणि सहा तासांपेक्षा जास्त उपाशी राहू नये, असा जुना ठोकताळा आहे.

नऊला पोहे, साडेदहाला चहा-बिस्किट, बाराला कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक, एकला डबा आणि चारला पुन्हा चहासोबत चिवडा, असा दिवस असेल तर पोटातला अग्नी, म्हणजे पचनशक्ती, एक काम संपवू शकत नाही. हे सगळं तसंच ठेवून वर त्रिफळा घेणाऱ्यांचं मला नवल वाटतं. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर मात्र खाण्याच्या वेळा स्वतःहून बदलू नका (प्रश्न १४).

३. पोटभर जेवायचं की भूक ठेवून उठायचं?

अष्टांगहृदय हा ग्रंथ लिहिणाऱ्या वाग्भटांनी पोटाचे चार भाग कल्पून दोन अन्नासाठी, एक पातळ पदार्थांसाठी आणि एक वायूसाठी मोकळा ठेवायला सांगितला आहे. जड पदार्थ अर्ध्या तृप्तीपर्यंतच खावेत आणि हलकेही अति होऊ देऊ नयेत. त्यामुळे भात-वरणाच्या मापाने पुरणपोळ्या खाऊ नयेत. दोन पोळ्या, वर तूप, कटाची आमटी आणि थांबा.

४. मला सारखं पित्त होतं. म्हणजे माझी प्रकृती पित्ताची का? इंटरनेटवरच्या चाचणीतही तसंच आलं.

तसं असेलच असं नाही. घशाशी आंबट येणं, डोकं दुखून उलटी होणं याला आपण घरात "पित्त झालं" म्हणतो. ती आत्ताची तक्रार आहे. प्रकृती म्हणजे वात, पित्त, कफ यांची शरीरातली घडण, ती जन्मापासूनची. जेवण टाळणं, रात्री अकराला वडापाव आणि सकाळी अनशापोटी दोन कप चहा या क्रमाने अगदी कफप्रकृतीच्या माणसालाही पित्त होतं.

ऑनलाइन चाचण्यांची अडचण अशी की आपण उत्तरं आजच्या अवस्थेवरून देतो. झोप उडालेल्या आठवड्यात चाचणी दिली तर वात येणार. खात्री करून घ्यायची तर वैद्यांकडून तपासून घ्या. पण प्रकृती कळेपर्यंत थांबायची गरज नाही. २ आणि ३ मधले नियम सगळ्यांना सारखेच लागू आहेत. वजन उतरतंय, गिळताना अडकतंय किंवा शौचाला काळी होतेय, अशी लक्षणं असतील तर ते पित्त समजून घरी बसू नका, डॉक्टरांना दाखवा.

५. रोजच्या जेवणात सहाही रस असायलाच हवेत का?

असावेत. चरकांच्या मते सगळ्या रसांची सवय बळ देते आणि एकाच रसाची सवय दुबळं करते. आपल्या ताटाची मांडणी बघा: डाव्या बाजूला मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाजी-आमटी, मध्ये भात-पोळी. गोड, आंबट, खारट आणि तिखट आपोआप येतात. बहुतेक घरांत कमी पडतात ते कडू आणि तुरट. मेथी, कारलं, शेवग्याची कोवळी पानं, वर चिमूटभर मेथ्यांची फोडणी, आवळ्याचा किंवा कच्च्या केळ्याचा एखादा पदार्थ, इतकं पुरे. कारल्यातला कडूपणा मिठाने पिळून काढायचा आणि मग वर गूळ घालायचा, हे स्वयंपाक म्हणून उत्तम, पण कडू रस मोरीत गेला.

६. जेवताना पाणी प्यायलं तर चालतं का?

चालतं. वाग्भटांनी स्पष्ट लिहिलं आहे: जेवणाआधी पाणी पिणारा कृश होतो, जेवणानंतर पिणारा स्थूल, आणि मध्ये घोट घोट पिणाऱ्याचं शरीर समतोल राहतं. "जेवणानंतर दीड तास पाण्याला हात लावायचा नाही" हा कडक नियम ग्रंथात नाही.

७. दही रोज खाल्लं तर काय बिघडतं? आणि ताक?

घरच्या माणसांना सर्वात जास्त राग येतो तो या उत्तराचा.

दही लागायला थंड, पण आयुर्वेदात ते उष्ण, जड आणि आंबट धरलं आहे. ते रोज खाऊ नये, रात्री खाऊ नये, गरम करून खाऊ नये आणि नुसतं खाऊ नये. सोबत मुगाचं कढण, मध, तूप, साखर किंवा आवळा यांपैकी काहीतरी असावं. शरद, ग्रीष्म आणि वसंत या ऋतूंत तर ते टाळायलाच सांगितलं आहे. म्हणजे गुढीपाडव्याचं श्रीखंड ऐन बंदीच्या ऋतूत येतं! पण ग्रंथकारांनी साखर-मसाला घालून घुसळलेल्या दह्याचं, म्हणजे रसालेचं, कौतुकही केलं आहे. वर्षातून एका सणाला वाटीभर श्रीखंड खाल्लं म्हणून कुणी प्रायश्चित्त घेऊ नये.

ताकाचं तसं नाही. मंद अग्नी, मूळव्याध आणि ग्रहणी (पचन बिघडून पोट सतत बिघडलेलं राहण्याचा आजार) यांत ते औषधासारखं वापरतात. मात्र ते खरं ताक हवं. पातेल्यात दह्याच्या चौथाई पाणी घाला आणि रवी फिरवत राहा. थोड्या वेळाने रवीच्या पात्यांना लोण्याचे कण चिकटू लागतात, मग गोळा वर येतो. तो काढून घ्या. खाली उरतं ते पातळ, किंचित तुरट ताक. त्यात भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि चिमूटभर सैंधव घाला. मिक्सरमध्ये दही-पाणी गरगर फिरवून फेसाळ पेला भरला तर लोणी त्यातच राहतं, म्हणजे ते पातळ केलेलं दहीच.

८. मग उन्हाळ्यात ताक प्यायचं ना?

इथे सगळे चकतात. तापत्या ऋतूत, अंगाची आग होत असताना, चक्कर येत असताना, जखम असताना आणि नाकातून वगैरे रक्त जात असताना ताक देऊ नये, असं वचन आहे. रोख आंबट ताकावर आहे. पित्तासाठी ताक द्यायचंच तर गोडसर आणि साखर घालून द्यावं, हेही ग्रंथच सांगतात. म्हणून मे महिन्यात सकाळी लावलेल्या गोड दह्याचं पातळ ताक दुपारी घ्या. आदल्या दिवसाचं आंबलेलं ताक कढीला ठेवा. नागपूर-अकोल्याच्या उन्हात त्यापेक्षा कैरीचं पन्हं, कोकम सरबत, धणे-जिऱ्याचं पाणी बरं.

९. शिकरण, फ्रूट सॅलड, मिल्कशेक हे विरुद्धाहार, म्हणजे एकत्र खाऊ नयेत असे पदार्थ, आहेत का? आणि माशाच्या कालवणातलं नारळाचं दूध?

दूध आणि आंबट फळं हा विरुद्ध संयोग, यावर दुमत नाही. दुधाबरोबर वर्ज्य फळांच्या यादीत चरकांनी केळंही घेतलं आहे, त्यामुळे शिकरण ग्रंथाप्रमाणे बसत नाही. सर्दी, दमा किंवा त्वचेची तक्रार असलेल्यांना मी ती बंद करायला सांगते. पिकलेल्या गोड आंब्याच्या रसात दूध घालण्याला नंतरच्या ग्रंथांत मान्यता आहे, फक्त आंबा खरोखर गोड हवा. स्ट्रॉबेरी, अननस आणि संत्र्याचे शेक सोडा.

नारळाचं दूध हे दूध नव्हे, तो नारळाचा रस. मालवणी किंवा गोव्याकडच्या कालवणात आणि सोलकढीत त्याला काही हरकत नाही. हरकत आहे ती मासे आणि गाई-म्हशीचं दूध एकत्र घेण्याला, म्हणजे माशाच्या जेवणावर बासुंदी नको.

चरकांनीच एक सवलत दिली आहे: अंगवळणी पडलेलं, थोडं खाल्लेलं, किंवा तरुण, व्यायाम करणाऱ्या, अग्नी प्रखर असलेल्या माणसाने खाल्लेलं विरुद्ध अन्न बाधत नाही. आखाड्यातल्या पोराला शिकरण पचते ती यामुळेच.

आणि एक. मासे-दुधाने कोड येतं ही समजूत घरोघर आहे. आजच्या वैद्यकानुसार कोड हा शरीराच्या प्रतिकारशक्तीशी संबंधित आजार आहे. कोड आलेल्याला "काय खाल्लं होतंस?" असं विचारून आणखी दुखवू नका.

१०. मन शांत राहण्यासाठी कांदा-लसूण आणि मांसाहार सोडावा लागेल का?

सात्त्विक, राजस आणि तामस आहाराची वर्गवारी लोकांना ठाऊक असते ती गीतेच्या सतराव्या अध्यायातून. साधकासाठी ती योग्यच आहे. आयुर्वेदाचा प्रश्न निराळा असतो: हे कुणाला, कोणत्या आजारात उपयोगी? म्हणून लसणाला अष्टांगहृदयात रसायनांमध्ये, म्हणजे शरीराला बळ देणाऱ्या औषधांमध्ये, जागा आहे, आणि दुबळ्या माणसाला मांसरस देण्याबद्दल ग्रंथांत जराही संकोच नाही. चातुर्मासात कांदा-वांगं सोडण्याची घरची रीत असेल तर जरूर पाळा, ती व्रत म्हणून आहे. जे शाकाहारी आहेत त्यांनी आयुर्वेदासाठी मांसाहार सुरू करण्याचीही गरज नाही. त्यांनी ब-१२ मात्र तपासून घ्यावं. कमी निघालं तर ते नुसत्या मुगाने आणि तुपाने भरून येत नाही.

११. काळजी, चिडचिड, झोप न लागणं यावर आहारात काय करता येईल?

चरकांचं या बाबतीतलं निरीक्षण मला फार मोलाचं वाटतं: हितकर अन्न योग्य मात्रेत खाल्लं तरी चिंता, शोक, भय, क्रोध आणि जागरण असेल तर ते पचत नाही. आपण फक्त अन्नामुळे मन बिघडतं का हे विचारतो. इथे मनामुळे अन्न बिघडण्याची बाजूही मांडली आहे.

एका प्राध्यापक बाईंचा डबा अगदी आदर्श होता: ज्वारीची भाकरी, मुगाची उसळ, तूप, काकडीची कोशिंबीर. तरी दुपारी पोट फुगायचं. डबा खायच्या कसा, असं विचारलं तर म्हणाल्या, उजव्या हाताने घास आणि डाव्या हाताने उत्तरपत्रिकांची पानं. डब्यात काही बदललं नाही. गठ्ठा दुसऱ्या टेबलावर ठेवायला सांगितला. फार भरभर नाही, फार रेंगाळत नाही, बडबड न करता, जेवणात लक्ष ठेवून जेवावं, हा नियम विमानस्थानातलाच आहे. आज त्यात मोबाइल धरावा.

झोपेसाठी: संध्याकाळनंतर चहा-कॉफी नको, रात्रीचं जेवण हलकं आणि लवकर असावं. झोप आणणाऱ्या पदार्थांत म्हशीचं दूध श्रेष्ठ सांगितलं आहे. कपभर कोमट, जायफळाचा अगदी लहानसा वास लागेल इतकं. भरल्या पोटावर लगेच नको, आणि कफाचा त्रास असेल तर नकोच. जायफळ जास्त झालं तर अपाय होतो, तेव्हा हात आवरा. उदासी आठवड्यानुआठवडे टिकली किंवा जीव नकोसा वाटू लागला, तर लगेच मानसोपचारतज्ज्ञांना गाठा. चालू गोळ्या आहाराच्या भरवशावर थांबवू नका.

१२. सकाळी गरम पाणी, मध आणि लिंबू घेतो. चालेल?

मध गरम करणं किंवा गरम पाण्याबरोबर घेणं आयुर्वेदाने निषिद्ध मानलं आहे. समान मात्रेत मध-तूप घेणंही तसंच. घ्यायचंच तर साध्या पाण्यात घ्या. वजन मात्र त्याने आपोआप उतरत नाही.

१३. उपवासाने पचनाला विश्रांती मिळते ना? मग साबुदाणा खिचडीने ॲसिडिटी का होते?

कारण तो उपवास नसून फराळ आहे. लंघन म्हणजे खाणं कमी आणि हलकं. साबुदाणा, बटाटा, शेंगदाणे आणि तूप यांची ताटली नेहमीच्या वरणभातापेक्षा जड असते. साबुदाणा आणि बटाटा दोन्ही आपल्याकडे फार उशिरा आले, ग्रंथांत त्यांचं नाव नाही. मिरची आणि टोमॅटोचंही तेच. त्यांना वाईट म्हणायचं कारण नाही, पण "आयुर्वेदात बटाटा वर्ज्य आहे" असं कुणी सांगितलं तर तो श्लोक मागा. गुणांवरून आपणच अंदाज बांधायचा असतो.

एकादशीला वरईचा भात आणि जिऱ्याची पातळ आमटी, किंवा नुसतं दूध-फळ (वेगवेगळ्या वेळी, प्रश्न ९) घेऊन बघा.

१४. मधुमेह आहे. साखरेऐवजी गूळ आणि मध, आयुर्वेदिक म्हणून चालतील ना?

नाही. चरकांनी प्रमेहाची (मधुमेह ज्यात मोडतो त्या आजाराची) कारणं मोजताना आरामात बसणं, फार झोपणं, दही, नवं धान्य यांच्याच रांगेत गुळाचे पदार्थ ठेवले आहेत. गुळानेही रक्तातली साखर वाढते, मधानेही. ग्रंथात प्रमेही माणसासाठी जव, मूग, कडू भाज्या आणि भरपूर चालणं आहे. आहार बदलला की साखर खाली येऊ शकते आणि गोळ्यांचा डोस जास्त ठरू शकतो. म्हणून बदल डॉक्टरांना सांगून करा, उपासही.

१५. सैंधव मिठाने रक्तदाब वाढत नाही, खरं का?

खरं नाही. सैंधव म्हणजेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच. आयुर्वेदाने मिठांमध्ये त्याला श्रेष्ठ म्हटलं असलं तरी मीठ सतत फार खाऊ नये, असंही सांगितलं आहे. शिवाय सैंधवात सहसा आयोडीन मिसळलेलं नसतं. घरात लहान मुलं, गर्भवती किंवा स्तनपान देणारी बाई असेल तर रोजच्या स्वयंपाकाला आयोडीनयुक्त मीठच ठेवा. सैंधव ताकापुरतं.

१६. गर्भवतीने आणि तान्ह्या बाळासाठी काय वेगळं करावं?

गर्भवतीने लंघन करू नये, कडक पथ्यं पाळू नयेत, आणि लोह-फॉलिक ॲसिडच्या गोळ्या बंद करू नयेत. दूध, तूप, मऊ भात, मूग, खजूर, ताजी फळं असा सौम्य आणि पोषक आहार. डिंक-अळिवाचे लाडू बाळंतपणानंतर.

बाळाला मध चाटवण्याची चाल आपल्याकडे जुनी आहे आणि आजी त्यासाठी अडून बसतात. एक वर्षाच्या आत मध देऊ नका. मधातले जिवाणू-बीजाणू तेवढ्या लहान आतड्यात वाढून गंभीर विषबाधा होऊ शकते. जुनं असलं तरी या ठिकाणी माझा कौल आजच्या बालरोगतज्ज्ञांकडे आहे.

१७. चहा एकदम सोडला की डोकं ठणकतं. काय करू?

एकदम सोडूच नका. नको ती सवय पाव-पाव हिश्शाने कमी करावी आणि चांगली तशीच वाढवावी, हा चरकांचाच सल्ला. चार कप असतील तर काही दिवस तीन, मग दोन. पहिल्यांदा जाऊ द्या तो अनशापोटीचा.

१८. पाकिटावर "आयुर्वेद आहार" असं छापलेलं असतं. ते घ्यावं का?

२०२२ पासून अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे त्यासाठी वेगळे नियम आहेत. प्रमाण ग्रंथांतल्या कृती आणि घटकांवर बेतलेलं अन्न या नावाने विकता येतं, वरून जीवनसत्त्वं-खनिजं मिसळता येत नाहीत, आणि दोन वर्षांखालच्या मुलांसाठी ते नाही. म्हणजे शिक्क्याला अर्थ आहे, पण पाकीट तुमच्या पोटाला मानवेल याची तो हमी नाही. मागची बाजू वाचा, साखर कितव्या क्रमांकावर आहे ते बघा.

१९. मी रात्रपाळी करतो. "दुपारी मुख्य जेवण" मला कसं जमणार?

पूर्ण जमणार नाही. रात्री जागरणाने रूक्षता वाढते असं शास्त्र सांगतं, तेव्हा कोरडं टाळा: फरसाण, चिवडा, टोस्ट. कामावर निघण्यापूर्वी नीट जेवा. मध्यरात्री लागलीच भूक तर मऊ मुगाची खिचडी, थर्मासमध्ये गरम सार असं काही. सकाळी घरी आल्यावर भरपेट नाश्ता करून आडवं होऊ नका. थोडंसं खा, झोपा, उठून भूक लागली की जेवा.

२०. आम्ही टोरंटोला असतो. चैत्रात इथे बर्फ असतो. ऋतुचर्या कोणती पाळायची?

खिडकीबाहेर जी दिसते ती. कॅलेंडरवरचा चैत्र महाराष्ट्राचा आहे. बर्फ आहे तोवर हेमंत-शिशिराचा आहार: तूप, तीळ, उडीद, गरम सूप, डिंकाचे लाडूही. बर्फ वितळून सर्दी-खोकला सुरू झाला की तो तुमचा वसंत. तेव्हा जव, मूग, मध घ्या आणि दुपारची झोप बंद करा. ऋतू बदलताना जाणाऱ्याचा शेवटचा आणि येणाऱ्याचा पहिला आठवडा जुनं हळूहळू सोडायचं. आमरसाचा डबा मार्चमध्ये उघडायची घाई करू नका, जून-जुलैपर्यंत थांबा.